बचत कुणाच्या खोलीतून?

पुण्यातल्या आमच्या जुन्या घरी न्हाणीबाहेर तांब्याचा बंब होता. थंडीच्या सकाळी आई म्हणायची, "आज ढलप्या जास्त लागल्या, हवा गार आहे." इंधनाचा हिशेब हवेला वगळून करता येत नाही, हे तिला न शिकवता ठाऊक होतं. मला ते इंग्लंडमध्ये पैसे मोजून शिकावं लागलं.

मी सेंट ऑल्बन्स या गावात राहतो. इथे बॉयलर म्हणजे कारखान्यातलं अजस्र धूड नव्हे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कपाटाएवढी पेटी असते. ती नळाने येणाऱ्या गॅसवर पाणी तापवते आणि पंप ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरवतो. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की ज्योत विझते, थोडं निवलं की पुन्हा पेटते. ही उघडझाप म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असं सांगून एका विक्रेत्याने मला एक छोटी डबी विकली. ज्योत पुन्हा पेटण्याआधी ती बॉयलरला काही मिनिटं थांबवून ठेवते. परवानाधारक तंत्रज्ञाने ती जानेवारीत बसवली. मार्चचं बिल डिसेंबरपेक्षा बरंच कमी आलं आणि मी खूश झालो. त्यावर आमची लेक म्हणाली, "बाबा, मार्चमध्ये थंडीच कमी होती ना!"

हवेचा हा गोंधळ दूर करण्यासाठी ब्रिटनमध्ये 'डिग्री-डे' हे माप वापरतात. बाहेरचं सरासरी तापमान १५.५ अंशांच्या खाली गेलं की घर तापवावं लागतं, असं त्यात धरलेलं असतं. त्यावरची ऊब माणसं, चूल, दिवे आणि ऊन यांतून मिळते. दिवसाची सरासरी ५.५ अंश असेल तर तो दिवस १० डिग्री-डेंचा. समजा, एका आठवड्यात ७० डिग्री-डे भरले आणि ३५ घनमीटर गॅस जळला. पुढच्या आठवड्यात ५० भरले आणि २५ घनमीटर जळला. बिल उतरलं, पण दर डिग्री-डेमागे गॅस अर्धा घनमीटरच राहिला. म्हणजे बचत शून्य!

दुसरा धोका आपल्या मनाचा. यंत्र चालू आहे हे ठाऊक असलं की माणूस नकळत खिडक्या घट्ट लावतो, स्वेटर चढवतो. यावरचा उपाय आमच्या शेजारच्याच गावात सापडला. हार्पेन्डन इथल्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात १९१९ ते १९३३ या काळात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर काम करत होते. कपात आधी दूध ओतलं की चहा, हे चवीवरून ओळखता येतं, असा दावा तिथल्या एका बाईंनी केल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. आठ कप, चार एका तऱ्हेचे, चार दुसऱ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवल्यासारखा. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक. १९३५ च्या आपल्या ग्रंथात फिशर यांनी या चहावरच प्रयोगाची रीत उभी केली.

आम्ही तीच रीत उचलली. बारा आठवड्यांपैकी कोणत्या सहांत डबी चालू ठेवायची, ते लेकीने चिठ्ठ्या टाकून ठरवलं. बटण तिच्या ताब्यात, वहीही तिच्याच दप्तरात. बारांतून सहा निवडण्याच्या ९२४ तऱ्हा होतात. सर्वांत कमी गॅसचे सहाही आठवडे नेमके डबीचेच निघाले असते, तर त्याला योगायोग म्हणणं अवघड गेलं असतं. मी फक्त दर रविवारी सकाळी मीटर वाचायचो.

त्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिची खोली उत्तरेला, अगदी टोकाची. मध्येच एखाद्या आठवड्यात ती म्हणायची, "रात्री खोली गार पडते रे." वय झालं, सवय नाही, असं म्हणून मी दुर्लक्ष केलं. शेवटी तिच्या उशाशी तापमापक ठेवला आणि आकडे टिपू लागलो.

वही उघडली तेव्हा डबीच्या आठवड्यांत गॅस किंचित कमी निघाला. पण आईच्या तक्रारीचे आठवडेही तेच होते आणि तापमापकही तेच सांगत होता. आत २० आणि बाहेर ७ अंश असतील तर फरक १३ अंशांचा. घरातून बाहेर जाणारी उष्णता साधारण या फरकाच्या प्रमाणात असते. म्हणून आतलं तापमान एका अंशाने उतरलं की गॅस साधारण तेराव्या हिश्शाने, म्हणजे सुमारे आठ टक्के वाचतो. हा हिशेब वजा केल्यावर उरलेला फरक आठवड्या-आठवड्यांतल्या नेहमीच्या चढउतारात बुडून गेला. डबीने गॅस वाचवला होता तो ऊब कमी देऊन, आणि ती ऊब गेली होती आईच्या खोलीतून.

उघडझापीत थोडी उष्णता वाया जाते, हे खरं. पण पुष्कळशा नव्या बॉयलरांत ज्योत लहानमोठी करण्याची आणि पुन्हा पेटण्याआधी थांबण्याची सोय मुळातच असते. शिवाय रेडिएटरमधून परतणारं पाणी सुमारे ५५ अंशांच्या खाली असलं, तर धुरातली वाफ बॉयलरमध्येच निवते आणि तिची उष्णता पदरात पडते. म्हणून पाण्याचं तापमान बॉयलरवरच्या बटणाने थोडं उतरवलं. त्याला एक पैसाही लागला नाही. मात्र त्याचीही परीक्षा त्याच वहीत चालू आहे, आणि या वेळी आईच्या खोलीचा तापमापक पहिल्या दिवसापासून उशाशी आहे.

डबी काढून टाकली, त्या रात्री मी आईला सगळा हिशेब समजावून सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "मी सांगतच होते की."