ख्रिस्ती धर्मांतील स्वातंत्र्याचा अर्थ

श्रोतेहो, ‘स्वातंत्र्य’ हा शब्द उच्चारला कीं परकी सत्ता, तुरुंग, साखळदंड अशा बाहेरच्या बंधनांची आठवण आपणांस प्रथम होते. तीं तुटलीं म्हणजे मनुष्य स्वतंत्र झाला, असें आपण समजतों. ख्रिस्ती धर्मांत मात्र दोन प्रश्न बरोबरच विचारले जातात : मनुष्य कशापासून सुटला, आणि कशासाठीं सुटला?

डोणगावासारख्या वऱ्हाडांतील गांवीं हें समजावून देणें कठीण नाहीं. शेत गहाण पडलें असतां शेतकऱ्याच्या घामाचें फळ सावकाराच्या घरीं जातें. कोणीं कर्ज फेडलें तर शेत सुटतें. परंतु सोडविलेलें शेत कोणी पडीक ठेवीत नाहीं. बायबलांत तारणाविषयीं योजिलेल्या एका ग्रीक शब्दाचा मूळ अर्थहि मोल देऊन बंदिवानास सोडविणें असाच आहे.

पहिल्या शतकांत, आजच्या तुर्कस्थानांतील गलतिया प्रांतीं एक वाद माजला. यहूदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनीं सुंता करून मोशेचें नियमशास्त्र पाळलेंच पाहिजे काय? पौलानें त्यांस लिहिलेल्या पत्रांत ठाम नकार दिला. देवाची कृपा नियम पाळून मिळवितां येत नाहीं. ख्रिस्तानें सोडविलेल्यानें पुन्हां जुनें जूं मानेवर घेऊं नये. परंतु त्याच पत्रांत त्यानें असेंहि बजाविलें कीं, स्वातंत्र्य म्हणजे वासनांना मोकळें रान नव्हे. प्रीतीनें एकमेकांची सेवा करणें हाच त्याचा उपयोग.

या दोन्ही अंगांची कसोटी पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रांत दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. आपल्या चर्चचे सिद्धांत त्यांनीं विनातक्रार स्वीकारावे, अशी तेथील भगिनीमंडळाची अपेक्षा होती. एका पुरोहितवर्गाच्या सत्तेंतून सुटल्यावर दुसऱ्याच्या सत्तेखालीं जाण्यास आपण तयार नाहीं, असें रमाबाईंनीं पत्रांतून स्पष्ट कळविलें. देवाची आज्ञा आणि धर्माधिकाऱ्यांची आज्ञा एकच, हें त्यांना मान्य नव्हतें.

मग हाच प्रश्न त्यांच्या दारीं आला. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. पुढें तें पुण्यास नेलें. कांहीं मुली त्यांच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, तेव्हां मोठा गहजब झाला आणि १८९३ मध्यें रानडे, भांडारकर यांसारखे थोर साह्यकर्ते सल्लागार मंडळांतून निघाले. अन्नवस्त्रासाठीं परावलंबी असलेल्या बालविधवेची संमति कितपत मोकळी असते, ही शंका क्षुल्लक नव्हती. मुलींना प्रार्थनेस बोलावीत नाहीं, पण येणाऱ्यांना दारहि लावणार नाहीं, ही रमाबाईंची भूमिका होती. स्वतःसाठीं मागितलेलें विवेकाचें स्वातंत्र्य दुर्बलांच्या बाबतींत कसें जपावें, हा प्रश्न त्या वादापुरता नव्हता. प्रत्येक आश्रमाला, प्रत्येक धर्माला तो आजहि लागू आहे.

१८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून सुमारें ३०० मुली व स्त्रिया त्यांनीं आणिल्या. पुणें जिल्ह्यांतील केडगांवीं त्यांच्यासाठीं जी वस्ती उभी राहिली, तिचें नांवच ‘मुक्ति’. तेथें पोटास अन्न मिळालें, तसेंच वाचन, विणकाम, छपाई हीं कामेंहि हातीं आलीं. सुटलेलें शेत पेरलें गेलें तें असें. रमाबाईंनीं स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें सोपें मराठी भाषांतर केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या आणि १९२४ मध्यें तें संपूर्ण ग्रंथरूपानें निघालें. धर्मग्रंथ साध्या बाईला स्वतः वाचतां यावा, मध्यस्थाच्या तोंडाकडे पाहावें लागूं नये, हाहि स्वातंत्र्याचाच एक अर्थ होय.

तेव्हां ख्रिस्ती दृष्टीनें स्वतंत्र मनुष्य तो, ज्याच्या विवेकावर कोणा माणसाची मालकी नाहीं, आणि तरीहि जो प्रेमानें शेजाऱ्याचा सेवक होतो. यांतील पहिलें अंग सोडलें तर सेवेची गुलामगिरी होते. दुसरें सोडलें तर स्वातंत्र्याचा स्वैराचार होतो. हीं दोन्ही एकत्र नांदणें कठीण खरें. पण श्रोतेहो, मुक्ति हा शब्द ख्रिस्ती मनुष्य उच्चारतो तेव्हां त्याला तीं दोन्ही अभिप्रेत असतात.