कोयता का थांबतो? तोडणी दराच्या बोलणीविषयी थोडेसे



हंगाम तोंडावर आला आणि आम्ही गटावर गेलो की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "साहेब, टोळ्या कधी उतरणार? ते पुण्यातलं बोलणं मिटलं का नाही अजून?" लागणीचा ऊस भरून उभा आहे आणि त्यापायी गव्हाचे रान अडले आहे, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण ही बोलणी कोण कोणाशी करतो, ती लांबतात का, आणि त्यात आपला पैसा किती गुंतला आहे, हे पुष्कळ सभासदांना ठाऊक नसते असे आम्हांला दिसून आले. त्यासाठी हा लेख.

कारखान्याच्या आत मिलवर, बॉयलरवर, पॅनवर काम करणाऱ्या कामगाराच्या पगाराची वाट मळलेली आहे. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक युनियन ठरवण्याची रीत घालून दिली. साखर धंद्यासाठी पहिले केंद्रीय वेतन मंडळ 1957 साली नेमले गेले, आणि पुढे आपल्या राज्यात त्रिपक्षीय समितीची वहिवाट पडली. तोडणी मजुराचे तसे नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार म्हणतो, माझा करार मुकादमाशी. मुकादम उन्हाळ्या-पावसाळ्यात गावोगाव उचल वाटून टोळी बांधतो. मग मजुराचा मालक कोण? ज्याला त्याला विचारा, तो पुढच्याकडे बोट दाखवतो. कागदावर कोणीच मालक नाही म्हणून मजुरांच्या संघटना थेट राज्य सहकारी साखर कारखाना संघाशी बोलतात. यात कारखान्यांचीही सोय आहे. दर एक राहिला की एकमेकांच्या टोळ्या पळवण्याला थोडा तरी आळा बसतो. (थोडाच. मुकादम ऐनवेळी कर्नाटकात निघून गेला, हा अनुभव कोणत्या शेतकी खात्याला नाही?)

आता वेळेचे गणित बघा. मजुराचा जोर सगळ्यात जास्त केव्हा? बीड, पाथर्डी, शेवगाव भागातून गाडी निघण्यापूर्वी. म्हणून "कोयता बंद"ची हाक हंगामाच्या तोंडाशीच येते. पण त्याच वेळी त्याच्या अंगावर उचल असते आणि ती फिटल्याशिवाय सुटका नाही. कारखान्याचा जोर उचलीत आहे, तर मजुराचा जोर उभ्या उसात. दोघांचेही हात दगडाखाली, म्हणून दोघेही शेवटच्या दिवसापर्यंत ताणून धरतात.

अशा वेळी दोघांना मान्य असलेला तिसरा माणूस लागतो. शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांनी लवाद म्हणून हे काम केलेले आपण पाहिले आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये 14 टक्के वाढ ठरली. पुढचा करार जानेवारी 2024 मध्ये झाला, म्हणजे 2023-24 चा हंगाम सुरू होऊन दोन महिने उलटल्यावर. त्यात तीन वर्षांसाठी 34 टक्के वाढ मिळाली आणि टनाचा दर 273 रुपयांच्या आसपास होता तो 366 च्या घरात गेला. संघटनांचा मुद्दा बिनतोड होता : तोडणी यंत्राला टनामागे जास्त पैसे देता, मग माणसाला कमी का? शिवाय एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघांची जोडी, हे विसरू नये. दर टनाचा असला तरी घाम दोघांचा आहे.

ही वाढ कोण देतो? स्पष्टच सांगतो, आपणच देतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या बिलातून वजा होतो. टनाला 93 रुपये वाढले तर 40 टनांच्या एकराला 3720 रुपये. आता दुसरी बाजू मांडा. बोलणी लांबून प्लॉट वाळला आणि 40 चे 38 टन झाले, तर? 2023-24 ला 10.25 उताऱ्यासाठी एफआरपी टनाला 3150 रुपये होती. खर्च वजा जाता दोन टनांचे साडेचार-पाच हजार गेले, उतारा घटला तो वेगळाच. आणि दर अपुरा राहिला की मजूर तो बांधावर वसूल करतो. त्यालाच आपण "खुशाली" म्हणतो, "एंट्री" म्हणतो. वर एकदा सगळ्यांसाठी बोलणी होत नाहीत तेव्हा खाली प्लॉटागणिक बोलणी होतात, आणि त्यात अडलेला शेतकरी नेहमी हरतो.

ताणावे किती आणि सोडावे केव्हा, यासाठी 1918 चा अहमदाबादचा गिरणी संप आम्हांला फार बोलका वाटतो. प्लेगच्या दिवसांत दिलेला बोनस गिरणीवाल्यांनी बंद केला. त्याऐवजी मालक 20 टक्के पगारवाढ द्यायला तयार होते, तर गांधीजींनी हिशेब करून मागणी 35 टक्क्यांवर आणली. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, मजुरांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन! मजूर डगमगू लागले तेव्हा गांधीजींनी उपोषण केले. तोडगा मजेशीर निघाला : पहिल्या दिवशी 35 टक्के, म्हणजे मजुरांचा शब्द राहिला; दुसऱ्या दिवशी 20, म्हणजे मालकांचा राहिला; तिथून पुढे लवादाचा निकाल लागेपर्यंत साडेसत्तावीस. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी शेवटी 35 च दिले. पण पहिल्या दोन दिवसांत कोणाचीच मान खाली गेली नाही, म्हणून गिरण्या चालू झाल्या.

याच्या उलट मुंबई. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंत यांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. कायद्याने प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, आणि कामगारांचा विश्वास मात्र सामंतांवर. ज्याच्याशी बोलायचा अधिकार त्याच्यामागे माणसे नाहीत, ज्याच्यामागे माणसे त्याच्याशी बोलणे नाही. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. कामगार देशोधडीला लागला. आपल्या भागातही कितीतरी घरांत त्या वेळचा माणूस असेल.

एक घडलेली गोष्ट सांगतो. पूर्वी आम्ही ज्या कारखान्यावर होतो, तिथे हंगामाच्या चौथ्या आठवड्यात गाडी सेंटरच्या टोळ्या बसल्या. दराचेच भांडण असणार असे धरून आम्ही टक्केवारीचा कागद खिशात घालून रात्री तळावर गेलो. बरीच उत्तरे पाठ करून ठेवली होती. मुकादम गप्पच. शेवटी मागून एक बाई बोलली, "दराचं मोठी माणसं बघतील. पाण्याचा टँकर दहाला येतो, तवर आम्ही फडात. मग पोरांनी प्यायचं काय?" मग एकेक जण बोलू लागला. गाडीतळावर दोन-दोन रात्री गाडी उभी राहते, बैल उपाशी, आणि ओळखीच्या गाड्या नंबर मोडून पुढे जातात. हे आमच्या खात्याचेच काम होते आणि आम्ही त्यात कमी पडलो होतो. पहाटे पाचला टँकर लावला आणि स्लिपा नंबराने सुरू केल्या. तिसऱ्या प्रहरी गाड्या जुंपल्या. तो कागद आमच्या खिशातच राहिला.