देवासचा नकाशा किती रंगांत रंगवाल?

मुख्य रस्त्याची एक बाजू एका राजाची, समोरची बाजू दुसऱ्याची. अलीकडे पाण्याची व्यवस्था एक, पलीकडे दुसरी. दिवाबत्तीही वेगवेगळी. असं गाव कोड्यांच्या पुस्तकात शोभलं असतं, पण ते माळव्यात, इंदूरच्या ईशान्येला, खरोखरच होतं. १९११ सालच्या ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या आवृत्तीत देवासची ही नवलाई नोंदवलेली आहे.

१७२८ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांबरोबर तुकोजी आणि जिवाजी पवार हे दोघे भाऊ माळव्यात आले. दोघांच्या वंशांना पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणू लागले. १८४१ पासून दोन्ही पात्यांचा कारभार निराळा झाला. तोफांची सलामी दोघांनाही सारखीच, पंधरा तोफांची. विसाव्या शतकाच्या आरंभी थोरल्या पातीचं क्षेत्रफळ ४४६ चौरस मैल होतं आणि धाकटीचं ४४०. एकूण ८८६ चौरस मैलांत फरक अवघा सहाचा! पण या वाटणीत जमिनी एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की राजधानीच्या गावातसुद्धा हद्द भर रस्त्यातून जात होती. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचा खाजगी सचिव म्हणून इथे राहिला. गावातल्या देवीच्या टेकडीवरून नाव घेतलेल्या त्याच्या ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात या संस्थानाच्या गमतीजमती आहेत.

ही दोन्ही संस्थानं १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाली. पण त्यांचा नकाशा समोर ठेवला तर त्यात एकामागून एक कोडी दडलेली दिसतात. त्यातलं पहिलं सोपं आहे.

समजा, आपल्या नकाशात या दोनच पात्या आहेत, तिसरं कुणी नाही. एक पोस्टमन थोरल्या पातीतून निघाला. गल्लीबोळांतून, शेतांतून फिरताना त्याने दिवसभरात १७ वेळा हद्द ओलांडली. संध्याकाळी तो कुणाच्या राज्यात असेल?

धाकट्या पातीच्या. हद्द ओलांडली की राज्य बदलतं, पुन्हा ओलांडली की मूळ राज्यात परत. ओलांडण्याची संख्या सम असेल तर माणूस निघाला त्याच राज्यात असतो, विषम असेल तर दुसऱ्या. यात नवल असं की नकाशा पाहावाच लागत नाही. हद्द कितीही नागमोडी असो, गावं कितीही तुकड्यांत विखुरलेली असोत, उत्तर तेच.

याच युक्तीचं भावंड म्हणजे रेघांचं कोडं. कोऱ्या कागदावर पट्टीने या कडेपासून त्या कडेपर्यंत हव्या तितक्या आडव्यातिडव्या रेघा मारा. जे तुकडे पडतील ते असे रंगवा की लगतच्या दोघांना एकच रंग येणार नाही. किती रंग लागतील? रेघा शंभर असल्या तरी दोनच. कारण असं: एक रेघ मारली की दोन तुकडे, त्यांना दोन रंग. नवी रेघ मारली की तिच्या एका बाजूचे सगळे रंग उलटे करायचे, तांबड्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा तांबडा. दुसरी बाजू जशीच्या तशी ठेवायची. नव्या रेघेच्या दोन्ही अंगांना आता आपोआप वेगळे रंग आले, आणि जुन्या रेघांजवळचा मेळही बिघडला नाही. पुढच्या प्रत्येक रेघेला हेच करत जायचं.

खऱ्या माळव्यात मात्र शेजारी पुष्कळ. इंदूरचे होळकर होते, ग्वाल्हेरचे शिंदे होते. तिसरा गडी आला की सम-विषमाची युक्ती संपते आणि प्रश्न उभा राहतो: कोणताही नकाशा रंगवायला जास्तीत जास्त किती रंग लागतील?

हाच प्रश्न १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री या तरुणाला इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना पडला. चार रंग पुरतात असं त्याला दिसलं, पण का ते सांगता येईना. त्याच्या भावाने ते आपले प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या कानावर घातलं. हे डी मॉर्गन जन्माने मदुराईचे. त्यांनी लगेच डब्लिनला विल्यम हॅमिल्टन यांना पत्र लिहिलं, पण हॅमिल्टननी त्यात रस घेतला नाही. १८७९ मध्ये आल्फ्रेड केम्पे या वकिलाने सिद्धता दिली आणि ती अकरा वर्षं सर्वांनी खरी मानली. १८९० मध्ये पर्सी हीवुड यांनी तिच्यातली चूक दाखवली. पाच रंग नक्की पुरतात एवढं त्यांनी सिद्ध केलं, चारांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. तो सुटला १९७६ मध्ये. इलिनॉय विद्यापीठात केनेथ अ‍ॅपल आणि वोल्फगांग हाकेन यांनी सगळे नकाशे हजाराहून अधिक नमुन्यांच्या तपासणीवर आणून ठेवले आणि ती तपासणी संगणकाकडून करून घेतली. त्याला हजाराहून अधिक तास लागले. चार रंग पुरतात, असा शिक्का विद्यापीठाच्या टपालावर काही काळ उमटत होता.

आता पेन्सिल घ्या. मधोमध एक वर्तुळ काढा, ते पहिलं संस्थान. त्याभोवती एक कडं काढून त्याचे तीन भाग करा, ही आणखी तीन. कड्यातला प्रत्येक भाग उरलेल्या दोघांना आणि मधल्या वर्तुळाला लागून आहे. म्हणजे चौघेही एकमेकांचे शेजारी, म्हणून चार रंग लागलेच. या सगळ्यांच्या बाहेरून पाचवं संस्थान गुंडाळा. ते कड्यातल्या तिघांना भिडतं, पण मधल्या वर्तुळापर्यंत पोचत नाही. मग मधल्याचाच रंग त्याला देऊन टाकता येतो आणि चारांत भागतं.

आता इथे देवास आणा. बाहेरच्या संस्थानाला मधल्या वर्तुळाच्या आत एक छोटंसं गाव इनाम द्या. एकाच राज्याचे दोन तुकडे झाले, आणि रंग एकच असायला हवा. आता पाचही संस्थानं एकमेकांची शेजारी झाली. चार रंग पुरेनात! मग सव्वाशे वर्षं खपून मिळालेला तो सिद्धांत खोटा ठरला का?

सिद्धांत खरा आहे. त्याच्या पोटात एक अट आहे, आणि ती आपण इतकी गृहीत धरतो की ती दिसतही नाही: प्रत्येक राज्य सलग, एकसंध हवं. प्रत्येक राज्यासाठी एक ठिपका द्या आणि ज्यांची हद्द लागते त्या दोन ठिपक्यांना रेघेने जोडा. राज्यं सलग असतील तर या रेघा एकमेकींना न छेदता काढता येतात. पाच ठिपके घेऊन प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायला जा, एक तरी रेघ दुसरीला छेदतेच. म्हणून पाच सलग राज्यं एकमेकांची शेजारी होऊच शकत नाहीत. एवढ्याने चार रंग पुरतात हे सिद्ध होत नाही, त्यासाठीच तर १९७६ उजाडावं लागलं. पण दूरचं एक गाव हाती असलं की ती अडचण राहत नाही, रेघ जणू इतरांवरून उडी मारून जाते.

हीवुड यांना ही गोष्ट १८९० मध्येच सुचली होती. केम्पेंची चूक दाखवणाऱ्या त्याच निबंधात त्यांनी विचारलं: प्रत्येक राज्याचे जास्तीत जास्त दोन तुकडे असतील तर? उत्तर निघालं १२. दोन तुकड्यांची अशी बारा राज्यं, जी सगळी परस्परांना भिडतात, त्यांनी प्रत्यक्ष काढून दाखवली. तुकडे वाढले की त्यांच्या सहापट रंग लागू शकतात. तीन तुकड्यांना अठरा, चार तुकड्यांना चोवीस. आपल्या देशात आजही पुदुच्चेरी चार विखुरलेल्या भागांत आहे: खुद्द पुदुच्चेरी आणि कारैकल तमिळनाडूलगत, माहे केरळात, यानम आंध्रात. कूचबिहारच्या छिटमहालांची, म्हणजे दुसऱ्या देशाने वेढलेल्या तुकड्यांची, गुंतागुंत तर याहून मोठी होती. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात आणि बांगलादेशाचे ५१ भारतात. दहला खागराबाडी नावाचा भारताचा एक तुकडा बांगलादेशाच्या तुकड्यात होता, तो तुकडा भारताच्या तुकड्यात, आणि तो पुन्हा बांगलादेशात. २०१५ मध्ये दोन्ही देशांनी अदलाबदल करून हा गुंता सोडवला.

मग पवारांच्या वाटणीत सलगपणा का राखला गेला नसेल, असं वाटू शकतं. पण न्याय्य वाटणीचं गणित पाहिलं की सलगपणा किती महाग असतो ते कळतं.

दोघांत वाटणी करायची जुनी रीत घराघरांत माहीत आहे: एकाने वाटे पाडायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. पाडणारा स्वतःच्या नजरेत वाटे सारखेच करतो, कारण उरलेला त्याला मिळणार. उचलणारा स्वतःच्या नजरेत मोठा तो घेतो. कुणाचीच तक्रार उरत नाही. तिघांत किंवा चौघांत काय? पोलंडचे ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९४० च्या दशकात हा प्रश्न गणितात आणला. स्टेफान बानाख आणि ब्रोनिस्वाव क्नास्टर यांनी त्याला सुंदर उत्तर दिलं. बर्फीचं एक ताट आहे, एकीकडे केशर, दुसरीकडे पिस्ता. पहिला आपल्या मते न्याय्य असा तुकडा कापतो. तो तुकडा हातोहात फिरतो. ज्याला तो न्याय्य वाट्याहून मोठा वाटेल, त्याने तो छाटून न्याय्य करायचा. शेवटी ज्याची सुरी लागली त्याने तो घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. उरलेल्यांनी उरलेल्या बर्फीवर पुन्हा तेच. प्रत्येकाला स्वतःच्या मते निदान आपला वाटा मिळतोच. शिवाय आवडी वेगवेगळ्या असतील तर सगळ्यांनाच न्याय्य वाट्याहून जास्त मिळाल्याचं समाधान देता येतं.

पण दुसऱ्याच्या ताटाचा हेवाही वाटू नये, ही आणखी कडक मागणी. तिघांसाठी तिचा उपाय १९६० च्या सुमारास निघाला. कितीही जणांसाठी, ठरावीक मर्यादेत संपणारी पद्धत हारिस अझीझ आणि सायमन मॅकेन्झी यांनी २०१६ मध्ये दिली. ती मर्यादा घातांकांच्या सहा मजली मनोऱ्याएवढी आहे. चार भावांसाठी त्याचे तीनच मजले चढा, चाराचा चाराच्या चौथ्या घाताइतका घात, म्हणजे २५६ चार घेऊन त्यांचा गुणाकार. एवढीच संख्या १५५ आकडी होते, दृश्य विश्वातल्या अणूंच्या अंदाजित संख्येपेक्षाही कितीतरी मोठी. आणि त्या पद्धतीत प्रत्येकाचा वाटा तुकड्यातुकड्यांतच येतो. वाटा सलगही हवा, हेवाही नको, आणि वाटेकरी तीन किंवा अधिक, असं म्हटलं तर? अशी वाटणी असते हे वॉल्टर स्ट्रॉमक्विस्ट यांनी १९८० मध्ये सिद्ध केलं. पण ठरावीक पायऱ्यांत ती हमखास शोधून देणारी पद्धत असूच शकत नाही, हेही त्यांनीच २००८ मध्ये दाखवलं.

म्हणजे नकाशा रंगवताना सलगपणा असला की काम चारांत भागतं, आणि वाटणी करताना तोच सलगपणा मागितला की काम अडून बसतं. अट एक, पण एका कोड्यात ती मदतीला येते आणि दुसऱ्यात आडवी.

सकाळच्या वर्तमानपत्रातलं सुडोकूही नकाशा रंगवण्याच्याच कुळातलं. ८१ घरं म्हणजे ८१ गावं, नऊ आकडे म्हणजे नऊ रंग. ‘शेजार’ मात्र निराळ्या अटीने ठरतो: आडवी ओळ, उभी ओळ आणि तीन बाय तीनची चौकट. त्यामुळे प्रत्येक घराला बरोबर वीस शेजारी. इथे शेजारी व्हायला भिडून असण्याची गरजच नाही, म्हणून चार रंगांचा नियम इथे कुणी लावत नाही. परीक्षेचं वेळापत्रक लावताना एकाच विद्यार्थ्याचे दोन पेपर एका वेळी येऊ नयेत हे पाहणं, किंवा जवळच्या दोन रेडिओ केंद्रांना एकच लहर न देणं, हेही रंगवण्याचंच काम.

अशा कोड्यांनी बुद्धी सर्वांगाने तल्लख होते, हा दावा मात्र जपून घ्यावा. २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ११,४३० जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम करणारे त्या त्या व्यायामात सुधारले, पण इतर बौद्धिक कामांत तो फायदा उतरलेला दिसला नाही. कोड्यातून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे: उत्तराकडे धावण्याआधी, न सांगता गृहीत धरलेली अट कोणती, हे विचारायची सवय. केम्पेंच्या सिद्धतेला अकरा वर्षांत हा प्रश्न नेटाने विचारला तो एका हीवुडने.

तेव्हा कागदावरच्या पाच संस्थानांत आता सहावं आणा. ते बाकीच्या पाचही जणांना भिडायला हवं, आधीचा कुणाचाही शेजार तुटता कामा नये, आणि त्यालाही जादा तुकडा मिळेल तो एकच. तीन संस्थानांच्या हद्दी जिथे एका बिंदूत मिळतात, तिथून सुरुवात करून पाहा.