जीर्ण नौकांचे आयुष्य : पोलाद, बाष्प आणि नूतनीकरण

जालना जिल्हा समुद्रापासून दूर असला, तरी तेथील इंडक्शन भट्ट्या भंगार वितळवून इमारतींच्या सळयांचे पोलाद बनवितात. नौदलाचे वृद्ध जहाज अशा भट्टीच्या स्वाधीन करावयाचे की त्यास आणखी काही वर्षे सेवेत ठेवावयाचे, हा प्रश्न प्रथमतः पोलादाचाच असतो.

जहाज सर्वत्र सारखे झिजत नाही. रंगविलेली बाहेरची बाजू डोळ्यांसमोर असते. खरा क्षय होतो तो समतोलासाठी खारे पाणी भरावयाच्या टाक्यांत, कारण तेथे पाणी व हवा आळीपाळीने पोलादास स्पर्श करतात. म्हणून श्राव्यातीत ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी ठिकठिकाणी मोजतात व अतिक्षीण भाग कापून नवे पत्रे जोडतात. एवढ्याने जहाज तरुण होत नाही. बाष्पक, नळ, पंप व तारा यांचे वय निराळेच चालते. 'विक्रांत'च्या चार बाष्पकांपैकी एकास १९७१ च्या युद्धापूर्वीच तडे गेल्याने तिच्या वेगावर मर्यादा आली होती. कवच शाबूत, परंतु धाप लागलेली! पुढे सी हॅरिअर विमानांसाठी बाष्पचलित प्रक्षेपक काढून पुढील टोकास चढता उतार बसविण्यात आला, आणि १९६१ मध्ये सेवेत आलेली ही नौका १९९७ पर्यंत टिकली.

वाहतूक व साहाय्य करणाऱ्या नौकांत 'जलाश्व'चे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९७१ मध्ये अमेरिकी नौदलात 'ट्रेंटन' या नावाने रुजू झालेले हे बाष्पचलित जहाज भारताने २००७ मध्ये, म्हणजे छत्तीसाव्या वर्षी घेतले. युद्धनौकेप्रमाणे तोफा व क्षेपणास्त्रे सतत अद्ययावत करण्याची गरज अशा जहाजास कमी. त्याची किंमत आतील जागेत असते, आणि जागा म्हातारी होत नाही. मात्र यंत्रणा जुनीच राहते. २००८ मध्ये या जहाजावर विषारी वायूने पाच नौसैनिकांचा मृत्यू झाला. नूतनीकरणाचा खर्च केवळ पत्र्यांच्या टनांत मोजणाऱ्यांनी बंदिस्त टाक्यांतील हवेचे परीक्षणही त्याच हिशेबात धरावयास हवे. ही गोष्ट अंदाजपत्रकांत सहसा मागे पडते. याच जहाजाने मे २०२० मध्ये मालदीवहून ६९८ भारतीयांना कोचीस आणले, तेव्हा त्याचे वय एकोणपन्नास होते.

'विक्रांत' मात्र २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहून २०१४ मध्ये दारूखान्याच्या तोडकाम-धक्क्यावर गेली.