दुसऱ्या डावाची संधी

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात तुरीची रास घरी आली आणि रान मोकळे झाले, म्हणजे गावोगावची तरुण मंडळी क्रिकेटचा डाव मांडतात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या बाजूंच्या गावांत सामन्यांची तयारी सुरू झाली की एक प्रश्न हटकून निघतो. एखादा जुना, कसलेला खेळाडू असतो. हात उत्तम, पण वर्तनाविषयी लोक चांगले बोलत नाहीत. त्याला संघात घ्यावे की नाही? एक पक्ष म्हणतो, त्याच्यावाचून सामना जिंकता येणार नाही. दुसरा म्हणतो, त्याच्या संगतीने लहान मुले बिघडतील. हाच प्रश्न २०२५ साली महाराष्ट्राच्या रणजी संघापुढे उभा राहिला होता. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उपयुक्त वाटते.

पृथ्वी शॉ हा विरारचा मुलगा. आई लहानपणीच वारली. वडिलांनी त्याला वाढविले आणि खेळासाठी विरारहून मुंबईस नेण्या-आणण्याचे कष्ट सोसले. नोव्हेंबर २०१३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात त्याने एका डावात ५४६ धावा काढल्या. २०१८ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताच्या १९ वर्षांखालील संघाने विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राजकोट येथे, आपल्या पहिल्याच कसोटीत, त्याने १३४ धावा केल्या. एवढे यश एवढ्या लहान वयात पदरी पडणे हे भाग्य खरे. पण ते पेलावयास खांदे तितकेच बळकट असावे लागतात.

२०१९ साली खोकल्याच्या औषधातून निषिद्ध द्रव्य शरीरात गेल्याने त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. ती चूक अजाणता घडली असे नियामक मंडळानेही मानले. पुढे मात्र शरीर सुटले व शिस्त ढळली. जानेवारी २०२३ मध्ये त्याने आसामविरुद्ध ३७९ धावा काढल्या. तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले. तंदुरुस्ती आणि शिस्त ही त्याची कारणे म्हणून पुढे आली. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात त्याच्यावर कोणी बोली लावली नाही. मित्रांची निवड चुकली, खेळाला वेळ कमी दिला, हे पुढे त्याने स्वतःच बोलून दाखविले.

मुंबई शहर महाराष्ट्रात असले तरी क्रिकेटच्या कारभारात दोहोंच्या संघटना निराळ्या आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईकडून परवानगी घेऊन जुलैत तो महाराष्ट्राच्या संघात आला. ज्या संघाकडून भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यास नाबाद ४४३ धावा काढल्या, तोच हा संघ. आणि रणजीच्या इतिहासात पृथ्वीच्या ३७९ पेक्षा मोठी खेळी ती एकच.

वाट मात्र सरळ नव्हती. ऑक्टोबरात मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने १८१ धावा केल्या. पण बाद होताच जुन्या सहकाऱ्यांशी खटका उडाला आणि पंचांना मध्ये पडावे लागले. जुना स्वभाव एका दिवसात जात नाही! त्यानंतर केरळविरुद्ध रणजीच्या पहिल्या डावात तो शून्यावर बाद झाला. दुसऱ्या डावात ७५ आणि पुढे चंदीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२. त्या सामन्यात पहिल्या डावी शतक काढणाऱ्या ऋतुराज गायकवाडने सामनावीराचा मान त्याच्याबरोबर वाटून घेतला. आमच्या मते त्या २२२ धावांहूनही ही गोष्ट मोठी आहे. डिसेंबरात दिल्लीच्या आयपीएल संघाने त्याला ७५ लाख रुपयांस पुन्हा घेतले.

यातून काय घ्यावे? मुंबईने त्याला वगळले ते अन्यायाचे झाले, असे आम्ही म्हणणार नाही. दार कधीच लागले नसते, तर आपण बाहेर आहोत हे त्याला उमगले असते का? परंतु सर्वच दारे लागली असती, तर ते उमगूनही उपयोग काय? १९३६ साली लाला अमरनाथांना बेशिस्तीच्या आरोपावरून इंग्लंडच्या दौऱ्यातून घरी धाडण्यात आले; १९४७ साली तेच भारताचे कर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियास गेले. माणसाविषयीचा पहिला निकाल अखेरचा मानला असता, तर ते नेतृत्व देशाला लाभले नसते.

म्हणून आमच्या गावोगावच्या मंडळांना आमचे सांगणे एवढेच, की अशा खेळाडूस अवश्य घ्यावे. पण केवळ चषकासाठी घेऊ नये. सरावाची वेळ त्याला व नवख्या पोराला एकच असावी. चुकला तर त्याला चारचौघांत हिणविण्याऐवजी वडीलधाऱ्याने एकांतात सांगावे. आणि तो शून्यावर बाद झाला, तर त्या दिवशीही त्याच्याशेजारी कोणी बसावे. पुणे, हैदराबाद, मुंबईस गेलेली कित्येक घरची मुले मान खाली घालून परत येतात. त्यांचे आईबापही याच प्रश्नाने रात्र रात्र जागतात. क्रिकेटच्या मैदानावर हे औदार्य आम्हांस साधले, तर घराच्या उंबरठ्यावरही ते साधेल.