हैदराबादचे मोहल्ले आणि आपली माणसे

हैदराबादेत नव्याने आलेल्या पाहुण्यास आपण चारमिनार दाखवितो, सालारजंग संग्रहालय दाखवितो, सायंकाळी हुसेनसागरावर नेतो आणि शहर दाखविल्याचे समाधान मानतो. पण शहर पाहणे निराळे आणि त्याची ओळख होणे निराळे. हैदराबादची ओळख व्हावयाची तर ती मोहल्ल्यामोहल्ल्यानेच होते, आणि तीही पायी.

आरंभ नावांपासून करावा. मलकपेठ, बेगमपेठ, अमीरपेठ यांतील ‘पेठ’ पुण्याच्या माणसास परकी वाटणार नाही. काचीगुडा, गौळीगुडा यांतील ‘गुडा’ तेलुगू; अफझलगंज, याकुतपुरा यांच्या शेवटी फारसी वळण. शाहअलीबंडा या एकाच नावात फकिराचे नाव आणि खडकाला असलेला तेलुगू शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. कोणत्या वस्तीत कोण आधी आले याचा अर्धा पुरावा असा नावातच मिळतो.

वयाने पाहू गेल्यास शहराची सुरुवात चारमिनारापाशी नाही, नदीपाशी आहे. मुसीवरील पुराना पूल १५७८ चा; चारमिनार १५९१ चा. पूल गोवळकोंड्याच्या राजवटीत आधी झाला आणि मग त्याच्या पलीकडे शहर वसले. गोवळकोंड्याकडून येणाऱ्या वाटेवरील कारवान हा मोहल्ला व्यापाऱ्यांचा. आज तेथे हिरे नाहीत, पण गल्ल्यांचा अरुंद घाट तोच आहे. चारमिनाराच्या उत्तरेस चार कमानी आणि मधोमध गुलजार हौद. तेथून पत्थरगट्टीने नदीकडे यावे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो महापूर आला त्याने नदीकाठचे मोहल्लेच्या मोहल्ले वाहून नेले. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडावर त्या दिवशी कित्येकांचे प्राण वाचले. ते झाड मुलांना अवश्य दाखवावे. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले, ते या पुराच्या धड्यातूनच.

चारमिनाराच्या दक्षिणेस शाहअलीबंडा. येथे रायरायाँ घराण्याची देवडी होती. पहिल्या निजामाबरोबर दक्षिणेत आलेल्या या देशस्थ घराण्याकडे दफ्तर-ए-दिवानी वंशपरंपरेने चालत असे. देवडीचे वैभव आता उरले नाही. घड्याळाचा मनोरा मात्र रस्त्यावरून दिसतो. मराठी माणूस हैदराबादेत रेल्वेने आला अशी जी समजूत नव्या पिढीत आहे, ती या मनोऱ्याखाली उभे राहिले की गळून पडते. रेल्वेने आले ते नंतरचे. मनमाड, परभणी, नांदेडकडून येणारे विद्यार्थी व नोकरदार काचीगुड्यास उतरत आणि जवळपासच बिऱ्हाड करीत.

सुलतान बाजाराची गोष्ट सर्वांहून निराळी. रेसिडेन्सीची कोठी जवळ असल्याने हा भाग इंग्रजांच्या अंमलाखाली होता आणि १९३३ साली तो निजामाकडे परत आला. निजामाच्या हद्दीत जे बोलण्यास बंदी, ते येथे थोडेफार बोलता येत असे. त्यामुळे संस्था या आसपासच निघाल्या. तेलुगू भाषिकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् १९०१ चे, जांबागेतील आपली विवेकवर्धिनी १९०७ ची, मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही नावे याच गल्ल्यांत वावरली. कोरटकरांच्या स्मरणार्थ निघालेली शाळा नारायणगुड्यास आजही आहे.

पण याच विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात नोव्हेंबर १९२१ मध्ये जे घडले तेही सांगितले पाहिजे. महर्षी कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली होती. मराठी आणि उर्दू भाषणे शांतपणे ऐकली गेली. अल्लमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलू लागताच श्रोत्यांनी गोंगाट केला, टाळ्या पिटल्या, आणि त्यांना बोलू दिले नाही. अपमान झालेल्या तेलुगू मंडळींनी त्याच रात्री एकत्र जमून आंध्र जनसंघाची स्थापना केली. आपल्या घरांतून विवेकवर्धिनीच्या आठवणी निघतात, त्यांत ही आठवण सहसा नसते. ज्यांच्या भूमीवर आपण राहत होतो त्यांचीच भाषा आपल्या सभागृहात हसण्यावारी गेली, ही गोष्ट लपवून जांबागेची ओळख पुरी होत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आपली राजधानी राहिली नाही. अनेक कचेरीवाले बदली होऊन गेले, काही घरे मागे राहिली. मागे राहिलेल्यांची बोली आता या शहराचीच झाली आहे. आणि उलट पाहावे तर दखनीतला ‘नक्को’ आणि शब्दाला चिकटणारा ‘इच’ आपल्याच भाषेचा वानवळा आहे. कोठीच्या बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करताना हे दिवसातून दहादा कानी पडते.

सिकंदराबाद, आबिड रोड, हिमायतनगर यांविषयी येथे लिहीत नाही. ती रुंद रस्त्यांची वस्ती पाहणाऱ्याला आपोआप कळते. २०२० पासून मेट्रो सुलतान बाजार आणि नारायणगुडा या दोन्ही ठिकाणी थांबते. हायटेक सिटीकडे राहणाऱ्या मुलांना एखाद्या रविवारी सकाळी सुलतान बाजारास उतरवावे, आणि जांबागेपर्यंत चालत न्यावे. वाटेत विचारण्यासाठी थोडी तेलुगू येत असली तर उत्तम.