जुन्या पिकअप गाडींतील विजेचे दोष व त्यांची परीक्षा

हळद शिजून, वाळून पोत्यांत भरली आणि गाडीवर चढविली, म्हणजे शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमांचें फळ त्या गाडीच्या भरंवशावर असतें. हिंगोली व वसमत येथील बाजारांत माल नेण्याकरितां आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ शेतकरी जुन्या पिकअप गाड्या बाळगतात. या गाड्यांचीं एंजिनें निगा राखल्यास वर्षानुवर्षे टिकतात. मध्येंच दगा देते ती बहुधा वीज. विजेचा दोष डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तो शोधण्यापूर्वींच नवी वस्तु विकत घेण्याची चूक अनेकांकडून घडते.

गेल्या चैत्रांत माझ्या धाकट्या बंधूच्या गाडीवर असाच प्रसंग आला. सेनगांव तालुक्यांतील आमच्या गांवाहून हिंगोलीस हळद न्यावयाची होती. पहाटे किल्ली फिरवितांच ‘टक्’ असा आवाज झाला व गाडी स्तब्ध राहिली. एका कारागिराच्या सांगण्यावरून नवी बॅटरी आणली. चार दिवस गाडी चालली आणि पुन्हां तोच प्रकार. दुसऱ्यानें सेल्फच बदला म्हणून सांगितलें. दरम्यान लिलावाचा दिवस हुकला व भाड्याची गाडी करावी लागली, तें निराळेंच. अखेर एका वृद्ध वायरमननें एंजिनापासून सांगाड्यास जाणारी अर्थिंगची पट्टी सोडून दाखविली. बोल्टाखालीं गंजाचा थर होता. तो पॉलिश पेपरनें घासून पट्टी पुन्हां आवळतांच जुन्याच सेल्फवर गाडी सुरू झाली.

असें कां होतें, तें समजून घेणें अवश्य आहे. बॅटरीच्या धन टोकापासून वीज तारेनें दिव्यास अगर सेल्फला पोंचते; परंतु ती परत येते गाडीच्या लोखंडी सांगाड्यावाटे. या परतीच्या वाटेसच अर्थिंग म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ ओम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम असा कीं, प्रवाह व अडथळा जितके मोठे, तितका विजेचा दाब त्या ठिकाणीं खर्ची पडतो. डिझेल गाडीचा सेल्फ फिरतांना २०० अँपियर वा त्याहूनहि अधिक प्रवाह ओढतो. सांध्यांत ओमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा असला, तरी १२ व्होल्टांपैकीं २ व्होल्ट तेथेंच नाहींसे होतात. हेडलाईटच्या एका दिव्यास सुमारें ५ अँपियर पुरतात. म्हणून असल्या सांध्यांतूनहि तो चांगला पेटतो आणि पाहणारा फसतो.

यास्तव परीक्षेचा क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा.

प्रथम बॅटरी मीटरनें मोजावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडींत १२.६ व्होल्ट दिसल्यास ती पूर्ण भरलेली, व १२.२ च्या आसपास दिसल्यास निम्मी समजावी. एंजिन चालू असतां हा आंकडा साधारणतः १३.८ ते १४.४ पर्यंत चढावा. न चढल्यास बॅटरीस दोष न देतां अल्टरनेटर व त्याचा पट्टा तपासावा.

नंतर बॅटरीचीं टर्मिनलें पाहावींत. त्यांवर पांढरट-हिरवा थर असल्यास खाण्याचा सोडा गरम पाण्यांत कालवून धुवावा. ऋण टोक आधीं सोडावें व सर्वांत शेवटीं जोडावें. नाहीं तर पाना सांगाड्यास लागून ठिणगी उडते. बॅटरींतून हैड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ विडी पेटवूं नये.

तिसरी परीक्षा अर्थिंगची. मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरें एंजिनाच्या स्वच्छ धातूस लावून दुसऱ्या माणसाकडून किल्ली फिरवावी. आंकडा अर्ध्या व्होल्टाहून अधिक आल्यास परतीच्या वाटेंतच दोष आहे. मागील बाजूस इंडिकेटर लावतांच ब्रेकचा दिवाहि मंद लुकलुकला, तर त्या दिव्याची अर्थिंग सैल झाली असें बहुधा समजावें.

शेवटची गोष्ट फ्यूजची, व ती सर्वांत महत्त्वाची. फ्यूज स्वतः जळून तारेस वाचवितो. त्याच्या जागीं तांब्याची तार गुंडाळणें म्हणजे पहारेकऱ्यास काढून टाकणें होय. बंधूच्या गाडींत अशीच तार निघाली. तिच्यामागील तारांचें आवरण वितळलें होतें. त्याच गाडीवर तागाचीं पोतीं व हळद लादली जात असे! फ्यूज वारंवार जात असल्यास उंदरानें कुरतडलेली अगर पत्र्यास घांसलेली तार शोधावी, आणि फ्यूज ठरलेल्या अँपियरचाच घालावा.

कचेरींत हिशेब जुळला नाहीं, तर आम्ही चुकलेली रक्कम शोधीत असूं. नवी वही आणीत नसूं. शेतकरी बंधूंनींहि हाच नियम गाडीस लावावा. एक साधा मीटर चारपांच घरांनीं मिळून घेतला, तरी ऐन हंगामांत बाजाराचा दिवस हुकणार नाहीं.